दुसऱ्याने मोजलेली नाडी

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आता कागद. कागदाचा एक गुण असा की तो वाजत नाही. मामी हे पाकीट तुझ्या टेबलावर ठेवील. उघडायचे की नाही, हा सर्वस्वी तुझा अधिकार. मात्र उघडलेस तर शेवटपर्यंत वाच. यात तक्रार नाही, विनवणी नाही, केवळ माहिती आहे. आणि माहितीवर रागावून चालत नाही, असे मी वॉर्डात शिकायला येणाऱ्या मुलींना नेहमी सांगत असे.

तर पाहा. दुसऱ्या देशात शिकलेल्या परिचारिकेला इथे परिचारिका म्हणून उभे राहायचे असेल, तर तीन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार भाषेचे. ते मी ओलांडले. दुसरे कागदपत्रांचे. आपले कॉलेज, आपली परिचारिका परिषद आणि मी नऊ वर्षे काम केले ते रुग्णालय, या तिघांनी इथल्या परिषदेला परस्पर कळवायचे असते, की ही बाई खरोखरच आहे आणि खरोखरच नर्स आहे. या एका वाक्यासाठी तुझ्या मामाने कॉलेजात इतके खेटे घातले की तिथल्या शिपायाची जागा त्यालाच द्यायची तेवढी बाकी राहिली होती. असो, तेही दार उघडले. आता उरले तिसरे, प्रात्यक्षिक परीक्षेचे. ती मे महिन्यात आहे.

ही परीक्षा तुझ्याशी कशी जोडलेली आहे, ते क्रमाने सांगते. नोंदणी झालेल्या परिचारिकेला आपले अठरा वर्षांखालचे अपत्य या देशात सोबत ठेवता येते. मदतनिसाला ठेवता येत नाही. मी आज मदतनीस आहे. ते मी तुझ्यापासून कधी लपवले नाही. तुला अठरावे सरते सप्टेंबरात. मेमध्ये परीक्षा, जूनमध्ये निकाल, जुलैमध्ये नोंदणी, ऑगस्टमध्ये तुझा अर्ज. गणित बसते. घट्ट बसते, पण बसते!

आजी गेली तेव्हा मी आले नाही, त्याविषयी माझी दोन पत्रे तुला मिळाली आहेत; तिसऱ्याने त्यात भर पडणार नाही. इथे राहण्याचा परवाना नूतनीकरणाला गेलेला असताना देश सोडला तर परत प्रवेश मिळत नाही, हा नियम मी तेव्हाही फोनवर नीट समजावून सांगितला होता. ती नियम समजावून सांगायची वेळ नव्हती, असे मामी म्हणाली. असेल.

थंडी फार आहे. मोजे दोन घालते.

तुझी,
आई


८ मार्च

प्रिय भिंगरी,

मामीकडून कळले की तू रविवारीसुद्धा क्लासला जातेस. कसला क्लास, हे तिने सांगितले नाही. फोन घाईत ठेवला. बारावीच्या वर्षी इतके मनावर घेतलेस याचा मला आनंद आहे.

मी कुठे राहते, काय करते, हे तू विचारले नाहीस. तरी इथे येणार असशील तर ते तुला ठाऊक हवे. वृद्धनिवासाच्या मागेच आमची इमारत आहे. खोलीत दोन पलंग, एक कपाट आणि एक खिडकी. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. ही भिंत मी इतकी पाहिली आहे की तिच्या भेगांची नावे ठेवायची बाकी आहेत. दुसऱ्या पलंगावर सुईणबाई असतात. त्या तिसऱ्याच देशाच्या. माझ्याहून वयाने मोठ्या. सारे आयुष्य त्यांनी बाळंतपणे केली, आणि इथे त्या माझ्यासारख्याच म्हाताऱ्यांच्या चादरी बदलतात. त्यांनी परीक्षेचा नाद केव्हाच सोडला. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "आमच्याकडे मी येणाऱ्यांना हातात घ्यायची. इथे सगळे निघालेले. स्टेशन तेच गं, फक्त फलाट बदलला!"

निवासाच्या दारावर पाटी आहे: परिचारिका पाहिजेत. तिच्याखालून मी रोज आत जाते. यात विसंगती आहे, असे तुला वाटेल. मलाही आरंभी वाटे. पण विचार कर. परिषदेला प्रत्येक रुग्णाला शब्द द्यायचा असतो, की तुझ्या अंगाला हात लावणारी बाई आम्ही पारखलेली आहे. माझे कॉलेज त्यांनी पाहिलेले नाही, माझा वॉर्ड पाहिलेला नाही. ते पारखणार कसे? परीक्षेनेच. म्हणून रक्तदाबाचे यंत्र भिंतीला टांगलेले असते, ते मी रोज पुसते, कोणाला लावत नाही. हे न्याय्य आहे. कठीण आहे, पण न्याय्य आहे.

आता परीक्षेचे स्वरूप. ओळीने दहा खोल्या असतात. प्रत्येक खोलीत एक परीक्षक आणि एक रुग्ण. रुग्ण खरा नसतो, नट असतो. त्याला आजार पाठ करून आणलेला असतो. घंटा वाजली की आत जायचे, घंटा वाजली की बाहेर यायचे. आणि मुख्य नियम असा: जे कराल ते तोंडाने बोलायचे. "मी आता हात धुते आहे. मी आता आपले नाव विचारते आहे." न बोललेले काम झालेच नाही, असे धरतात. आपल्याकडे चाळीस खाटांना दोघी असायच्या. बोलत बसलो असतो तर चाळिसावा रुग्ण वाट पाहून घरी गेला असता. ही सवय मोडायला मला फार त्रास झाला. पहिल्या दोन वेळांना मी गप्प राहून काम केले, आणि परीक्षकांच्या कागदावर ते काम कोरे राहिले.

त्या दोन वेळांचे मी तुला कळवले नव्हते. निकाल चांगला लागला की एकदमच कळवावे, असा विचार होता. परीक्षा तीन वेळा देता येते.

सरावाला मला एक उत्तम रुग्ण सापडली आहे. बारा नंबरच्या खोलीतल्या शिंपीणबाई. नव्वदीच्या घरात आहेत, नजर तिखट, जीभ त्याहून. माझी पाळी संपली की मी त्यांच्याकडे जाते.

"मी आता हात धुते आहे," मी म्हणते.

"दिसतंय मला. आंधळी नाही मी."

"मी आता पडदा ओढते आहे."

"कोण बघणार आहे मला या वयात? राहू दे उघडा, जरा करमणूक." मग उशीवर नीट टेकून विचारतात, "आज मला काय झालंय? काल हृदय होतं. आज काहीतरी पोटाचं दे, बदल म्हणून."

आणि असे विव्हळतात, की परवा खरी नर्स धावत आली! आम्हा दोघींना ओरडा बसला. पण माझे बोलणे सुधारले आहे. सुईणबाई म्हणतात, मी झोपेतही "मी आता कूस बदलते आहे" असे सांगते.

मे आता फार दूर नाही.

तुझी,
आई


२१ मे

प्रिय भिंगरी,

परीक्षा झाली. आगगाडीने जावे लागले. वाटेत पिवळ्या फुलांची शेतेच्या शेते होती. सभागृह स्वच्छ होते. आम्ही बायका निरनिराळ्या देशांच्या, सगळ्या आपापल्या ओठांत पुटपुटत होतो. कोणी पाहिले असते तर वाटले असते, वेड्यांची रांग लागली आहे.

दहा खोल्यांपैकी नऊ उत्तम गेल्या. मी सगळे बोलले. इतके बोलले की घसा बसला. तुला पासपोर्टसाठी फोटो लागतील. मामाला सांग, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढायचे, कान दिसले पाहिजेत, हसायचे नाही.

दहाव्या खोलीविषयी निकाल आल्यावर लिहीन.

तुझी,
आई


१८ जून

प्रिय भिंगरी,

निकाल आला. नाही.

आता दहावी खोली. मला ती तुला नीट समजावून सांगायची आहे. कोणी तुला विचारले की तुझी आई नापास कशी झाली, तर तुझ्याकडे अचूक उत्तर असावे.

खोलीत एक मध्यमवयीन गृहस्थ पलंगावर होते. टेबलावर एक कार्ड ठेवलेले, त्यावर आकडे: नाडी अठ्ठ्याऐंशी, नियमित. इथे पद्धत अशी आहे की तुम्ही मनगट धरायचे, मोजल्यासारखे करायचे, "मी आता नाडी मोजते आहे" म्हणायचे आणि तक्त्यात मात्र कार्डावरचा आकडा लिहायचा. यामागे चोख कारण आहे. नट दिवसभरात बदलतात. कोणाची नाडी जलद, कोणाची संथ. प्रत्येकीने खरीखुरी मोजली तर प्रत्येकीचे उत्तर वेगळे येईल, आणि मग चूक-बरोबर ठरवणार कसे? सर्वांना एकच मोजपट्टी हवी. मी परीक्षक असते तर हाच नियम केला असता.

मला हा नियम ठाऊक होता. शिंपीणबाईंवर मी तो घोटला होता.

पण भिंगरी, मी त्या गृहस्थांचे मनगट धरले आणि बोटांखाली ठोके आले. एक, दोन, तीन, आणि एक गायब. पुन्हा तीन, पुन्हा गायब. ज्या वॉर्डात मी वाढले तिथे आमच्या जुन्या मेट्रनबाईंचा एकच कायदा होता: दुसऱ्याने मोजलेली नाडी लिहायची नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने लिहून ठेवली असली तरी नाही, डॉक्टरांनी सांगितली तरी नाही. स्वतः मोजा, तेच लिहा. एकदा एका मुलीने वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवला, तेव्हा बाईंनी तिला सगळ्या वॉर्डाच्या नाड्या पुन्हा मोजायला लावल्या, आणि आम्ही जेवण थांबवून पाहत उभ्या होतो. हे मला परीक्षेच्या खोलीत आठवले, असेही नाही. काहीच आठवले नाही. हाताने परस्पर तक्त्यात लिहिले: अनियमित, ठोके चुकतात.

मग मी त्यांना विचारले, "चालताना दम लागतो का? कधी घेरी आली होती?"

ते नाटकातून बाहेर आले. हळूच म्हणाले, "अहो बाई, हे मला लहानपणापासून आहे. डॉक्टरांना माहितीये. तुम्ही तुमचं काम करा ना."

"हेच माझं काम आहे," मी म्हणाले.

परीक्षक म्हणाल्या, "कार्डावर बघा." दोनदा म्हणाल्या. त्यांना मला मदत करायची होती, हे मला आता कळते. मी पुन्हा मनगट धरले, पुन्हा मोजले. घंटा वाजली. औषध द्यायचे राहिले, पडदा उघडायचा राहिला, निरोप घ्यायचा राहिला.

तू म्हणशील, निदान त्या माणसाचे काही भले झाले असेल. नाही झाले. त्याला सगळे आधीच ठाऊक होते. मी कोणाला वाचवले नाही, काही शोधून काढले नाही. निकालाच्या कागदावर लिहिले आहे: उमेदवाराने न दिलेला आकडा नोंदवला. हे अक्षरशः खरे आहे. मी अपील केले नाही. अपिलात लिहू काय?

त्या दिवशी माझ्या वाट्याच्या चादरीही सुईणबाईंनीच बदलल्या.

फोटो काढले असतील तर राहू देत. कुठेतरी उपयोगी पडतीलच.

तुझी,
आई


२४ जुलै

प्रिय भिंगरी,

एक दार बंद झाले की घरचे दार असतेच, असा विचार करून मी पद्धतशीर चौकशी आरंभली. चौकशीचे फळ खाली देते.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत येते की परिचारिका कमी आहेत. आणि आपल्याकडच्याच गल्लीगल्लीत शिकून बसलेल्या परिचारिका आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि हे कसे ते समजले की सगळे समजते. खाटा वाढतात, त्यांना बाया लागतात. पण कायमच्या जागा भरत नाहीत. ज्या भरतात त्या अकरा महिन्यांच्या करारावर. मग शिकलेल्या मुली करारावर न राहता परदेशी जातात. परदेशात त्यांना पारखतात, नाकारतात, मदतनीस करतात. इकडे खाट रिकाम्या बाईची वाट बघते, तिकडे बाई रिकाम्या खाटेची. मधे फक्त नियम असतात, आणि सुटा घेतला तर प्रत्येक नियम शहाणपणाचा आहे. मी एकही मूर्ख नियम शोधू शकले नाही. फार शोधला.

आपल्या जुन्या रुग्णालयाला फोन केला. आता मेट्रन कोण आहे सांगू? जिला मी पहिले इंजेक्शन द्यायला शिकवले ती. भीतीने तिनेच डोळे मिटले होते, रुग्णाने नव्हे.

"ताई!" ती ओरडली. "कुठून बोलताय?" मग मी कामाचे बोलले. "ताई, तुमच्याशी मी खोटं कसं बोलू?"

"मग खरं बोल."

"खरं म्हणजे, नाही."

नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यासाठी परिचारिका म्हणून काम केल्याचा दाखला लागतो. माझी इथली वर्षे मदतनिसाची. तिथे ती मोजत नाहीत. वयाची मर्यादाही मी ओलांडली आहे. "तुम्ही गेलाच नसतात ना ताई," ती म्हणाली, "तर या खुर्चीत तुम्ही असतात." ती हे कौतुकाने म्हणाली. तिचा काही दोष नाही.

मग एका खासगी रुग्णालयाच्या मालक-डॉक्टरांशी बोलले. त्यांचे म्हणणे, परदेशातून आलेली बाई आमच्याकडे रमत नाही, दोन महिन्यांत पळते.

"कुठे पळेन?" मी विचारले.

"परत तिकडे."

"तिकडे मला नर्स म्हणून ठेवत नाहीत."

"का? काय केलंत तुम्ही?"

म्हणजे परत गेले तर बेभरवशाची, आणि परत जाऊ शकत नाही तर त्याहून बेभरवशाची! शेवटी त्यांनी उदारपणे सांगितले, वॉर्डात मदतीला घेतो, पण गणवेश वेगळा असेल. परिचारिकांचा पांढरा, मदतनिसांचा खाकी. मी विचार करून सांगते म्हणाले.

मामीला हे सारे सांगितले, तर तिची प्रतिक्रिया तुला ऐकवलीच पाहिजे. "अहो वन्सं, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं तुमच्या." मी म्हटले, धुपाटणे तरी आले ना! ती हसली नाही.

तुझी,
आई


२७ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

निर्णय झाला. मी येते आहे.

मी दोन्ही बाजू कागदाच्या दोन रकान्यांत मांडल्या. इथे मी मदतनीस आहे, तिथेही मदतनीसच असेन. काम तेच: धुणे, पुसणे, कूस बदलणे. फरक इतकाच उरतो की तिथे पाळी संपली की मी तुझ्या घरी येईन. हा एकच फरक आहे आणि तो पुरेसा आहे. इतके सोपे उत्तर मला इतक्या उशिरा का सापडले, कोण जाणे.

निवासाला राजीनामा दिला. परवाना या नोकरीशी बांधलेला असल्यामुळे तोही त्याच दिवशी संपतो, म्हणजे मागे फिरायची सोय नाही. एका अर्थी बरे. सुईणबाईंनी माझा पलंग खिडकीपासून ओढून घेतला, म्हणाल्या, "नवी येईल तिला भिंत नको दाखवायला, पहिल्याच दिवशी." शिंपीणबाईंना सांगितले, तर त्यांनी तोंड फिरवले आणि म्हणाल्या, "मग आता मी आजारी कुणासाठी पडू?"

मामी फोनवर अडखळली. "येताय? आत्ताच? जरा महिनाभर थांबला असतात तर…" मग म्हणाली की काही नाही, या. मला वाटते, खोलीचा प्रश्न असावा. तिला सांग, माझ्यासाठी काही हलवाहलव नको. मी जमिनीवर झोपेन. तू माझ्याशी बोललीच पाहिजेस, असेही काही नाही. एका घरात न बोलता राहणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना एकमेकांचा खोकला तरी ओळखू येतो.

तुझ्या वाढदिवसाला मात्र पोचत नाही. त्यानंतरच्या आठवड्यातले विमान मिळाले.

तुझी,
आई


२२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझ्या टेबलाशी बसून लिहिते आहे. पाकिटावरचा पत्ता मामाने दिला. त्या देशातली गल्ली-घर अशी लिहिण्याची रीत मला ठाऊक नाही, तेव्हा एजंटने दिले तसे जसेच्या तसे उतरवते.

मी दारात पोचले तेव्हा मामीने माझी पिशवी घेतली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाली, "वन्सं, ती गेली."

क्षणभर मला दुसराच अर्थ लागला. माझा चेहरा पाहून तीच घाबरली. "अगं बाई, तसं नाही! परदेशी गेली, तुमच्या नव्हे, तिसऱ्याच देशात. कामाला. वाढदिवसादिवशी करारावर सही केली, चौथ्या दिवशी विमानात. तिने शपथ घातली होती हो आम्हाला."

मामा भिंतीकडे पाहत होता. "मी नको म्हटलं होतं," तो म्हणाला. "तर म्हणाली, आईला म्हटलं होतंत का नको?"

क्लास कोणता होता, तेही मग कळले. मदतनिसाचा. जानेवारीपासून. मामी म्हणते, तू माझी सगळी पत्रे वाचत होतीस. तीन दारांची गोष्ट तू क्लासमधल्या मुलींनाही सांगितलीस म्हणे: आधी मदतनीस म्हणून जायचे, तिथे राहून परीक्षा द्यायची, मग नर्स. "ढवळ्याशेजारी पवळ्या," मामी म्हणाली, "वाण नाही पण गुण लागला." मग तीच रडायला लागली, आणि मी तिला पाणी दिले.

मला रागवायचे नाही. केवळ माहिती द्यायची आहे, कारण ती एजंटने दिलेली नसणार. ती तीन दारे परिचारिकेसाठी आहेत. त्यांपर्यंत पोचायला आधी नर्सिंगची पदवी लागते; माझ्याकडे ती होती. सहा महिन्यांच्या क्लासचा कागद परिषद हातातही घेत नाही. म्हणजे मी तिसऱ्या दारावर अडले, तुला पहिले दारच नाही. पदवीसाठी परत यावे लागेल. परत यायला करार संपावा लागेल. करार संपेल तेव्हा इथल्या कॉलेजच्या प्रवेशाला मधल्या वर्षांचा खंड आड येईल. मी सगळीकडून मांडून पाहिले. कुठूनही वाट निघत नाही.

हे तू मला विचारले असतेस तर मी जानेवारीतच सांगितले असते. पण तू विचारणार कशी, आणि मी तरी जानेवारीत काय सांगत होते?

मी परत तिकडे जाऊ शकत नाही. तुझ्या देशात येऊ शकत नाही. सोमवारपासून खाकी गणवेशात कामाला लागते.

तुझी,
आई


६ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

मामाने काल मला कामावरून आल्याआल्या फोन दाखवला. तुझा निरोप होता. मी तो दोनदा वाचला, मग मामाला मोठ्याने वाचायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "एवढं काय आहे त्यात? पाठदुखीचं तर विचारलंय."

निरोप एवढाच: "आईला विचारा, जड पेशंटला पलंगावरून खुर्चीत एकटीने कसं घ्यायचं. माझी पाठ गेलीये."

प्रश्न उत्तम आहे. उत्तर देते.

पुस्तकात याला एका ओळीचे उत्तर आहे: एकटीने घ्यायचे नाही, दुसरी बाई येईपर्यंत थांबायचे. हे उत्तर बरोबर आहे. मी मुलींना हेच शिकवले. पण तू परीक्षेसाठी विचारलेले नाहीस. दुसरी बाई येत नाही, हे मला ठाऊक आहे. घंटा दाबली तरी येत नाही. ती वरच्या मजल्यावर एकटीच कोणाला तरी उचलत असते. तेव्हा पुस्तकात नाही ते लिहिते. नीट वाच, आणि आधी एखाद्या हलक्या म्हातारीवर करून पाहा.

खुर्ची त्यांच्या बळकट बाजूला ठेव. पलंगाची आणि खुर्चीची, दोन्हींची चाके अडकव. एक जरी मोकळे राहिले तरी तुम्ही दोघे जमिनीवर. पलंग खाली घे, त्यांचे तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. कडेला बसवलेस की लगेच उठवू नकोस. झोपलेल्या माणसाला बसवले की डोके हलके होते. थोडे बोलत राहा. काहीही विचार, घर कुठे, मुले किती. उत्तर सरळ आले की पुढचे पाऊल.

आता सर्वांत महत्त्वाचे. ते तुझ्या गळ्यात हात घालायला बघतील. सगळे बघतात. घालू देऊ नकोस. वाईट वाटेल, तरी नाही. त्यांचे हात तुझ्या दंडांवर ठेव. माणूस घाबरला की गळ्यालाच लटकतो, आणि तिथून सोडवायला खोलीत तिसरे कोणी नसते. एक मोठा टॉवेल त्यांच्या कमरेमागून घे, दोन्ही टोके घट्ट धर. तुझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांसमोर. वाकायचे ते गुडघ्यांतून, कमरेतून कधीही नाही.

आणि उचलू नकोस. तुझी पाठ इथेच जाते आहे, असा माझा अंदाज आहे: तू त्यांना उचलतेस. त्यांना पुढे झुकव, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत. बूड आपोआप सुटते. तू फक्त धरायचेस. उभे राहिले की घाई करू नकोस; तसेच उभे राहू दे, त्यांनाही धाप लागलेली असते. मग दोघे मिळून लहान लहान पावलांनी वळा आणि बसा.

पाठ कमरेच्या वर दुखते की खाली, आणि उजवीकडे की डावीकडे, तेवढे मामाच्या फोनवर कळव. बाकी काही लिहिले नाहीस तरी चालेल. बाजू कळली की तुझे कोणते पाऊल चुकते आहे, ते मला इथून सांगता येईल.

तुझी,
आई